गवत न देता विटा
(निर्गम, अध्याय 5 व 18)



नाचणगावात सायंप्रार्थना आटोपल्यावर एका शिक्षिका भगिनीने आम्हास थांबविले. प्राथमिक शाळेत त्या कित्येक वर्षे शिकवितात. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, मुलांपुढे उभे राहिले की अजूनही आनंद होतो, पण उभे राहावयास वेळच उरत नाही." याद्या, नोंदी, दुपारच्या आहाराचा हिशेब, मोबाईलवर पाठवावयाची माहिती ह्यांत दिवस सरतो, आणि मुलांस वाचता येत नाही म्हणून दोष मात्र त्यांजकडे येतो. आपला विश्वास उणा पडला काय, असे त्यांनी विचारले.

सहन करा, प्रार्थना करा, असे आम्ही सांगणारच होतो. बरे झाले, ते शब्द तोंडातच राहिले.

फारोने इस्राएलांस गवत देणे बंद केले, परंतु विटांची संख्या कमी केली नाही. ते बिचारे धसकटे वेचीत देशभर फिरले, आणि विटा उण्या भरल्या म्हणून त्यांच्या नायकांस मार बसला. फारो त्यांस आळशी म्हणाला. देवाने तसे म्हटले नाही. मग थकलेल्या शिक्षकास आपण अविश्वासी का म्हणावे? नायकांनी फारोपुढे गाऱ्हाणे नेले, मोशेने ते परमेश्वरापुढे नेले. गाऱ्हाणे नेणे पाप नव्हे.

ज्या वर्ध्यात 1937 साली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली व नई तालीम आकारास आली, त्याच जिल्ह्यात शिक्षकास मुलांजवळ बसण्यास सवड नसावी, ही खेदाची गोष्ट होय. 2009 चा शिक्षण हक्क कायदा तर दशवार्षिक जनगणना, आपत्तीतील मदत व निवडणुका ह्यांखेरीज शिक्षणबाह्य काम शिक्षकांवर घालू नये असे सांगतो. त्याच कायद्याने नेमलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या मंडळीचे पालक असतील, त्यांनी तेथे तोंड उघडावे.

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायास बसे. त्याचा सासरा इथ्रो ह्याने त्याच्या भक्तीची परीक्षा घेतली नाही. ह्याने तूही थकशील व लोकही थकतील, हे ओळखून त्याने काम वाटून देण्याची सल्ला दिली. आपण काय करतो? मंडळीत शिक्षक दिसला की शब्बाथशाळा, हिशेबवही, नाताळचे नाटक, सारे त्याच्याच गळ्यात! ह्यात आम्ही पाळकच पहिले दोषी आहोत.

गेल्या रविवारी त्या भगिनीकडील हिशेबवही दोन तरुण बंधूंनी घेतली. शब्बाथशाळाही दुसऱ्याकडे देऊ, असे आम्ही सुचविले. ती मात्र त्यांनी सोडली नाही. "तेथे मुले असतात," असे त्या म्हणाल्या.