नदीचे काम कोणी करायचे?

दुकानातून आणलेल्या पाच-सहा पट्टेरी माशांपैकी दोघे एके दिवशी टाकीचा एक कोपरा बळकावतात. इतरांना तिकडे फिरकू देत नाहीत. कोणी गेलेच तर अंगावर धावून जातात. मालकाला वाटते, मासे भांडखोर निघाले. आठवडाभराने त्याच कोपऱ्यातल्या फुटक्या कुंडीतून बारीक ठिपक्यांचा पुंजका बाहेर येतो आणि प्रत्येक ठिपक्याला शेपूट असते.

कॉन्व्हिक्ट सिक्लिड पाळणाऱ्या अनेकांच्या घरी पहिली पिल्ले अशी न बोलावता येतात. सिक्लिड कुळातला हा मासा मूळचा मध्य अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांतला. दुकानात मिळतात ते कोवळे मासे, नर कोणता आणि मादी कोणती हे कळत नाही. वयात आल्यावर फरक दिसतो : नर मोठा, मादी लहान, पण तिच्या पोटावर केशरी खवले. कुंडीचा तुकडा किंवा दोन दगडांमधली सांदी मिळाली की जोडी तिथे शंभर ते तीनशे अंडी चिकटवते. २६-२७ अंश तापमानाला ती साधारण तीन दिवसांत फुटतात. पुढचे चार-पाच दिवस पिल्ले पोटाशी असलेल्या बलकावर काढतात आणि मग पोहायला लागतात.

यानंतर जे पाहायला मिळते, तेवढ्यासाठी हा मासा पाळावा. मादी अंड्यांभोवतालचे पाणी परांनी सतत हलते ठेवते, बुरशी धरलेली अंडी वेचून काढते. नर हद्द राखतो. पिल्ले पोहू लागली की आईबाप तळाची कुजकी पाने तोंडाने उचलून उलटतात, परांनी वाळू उकरतात. खाली दडलेले बारीक जीव पिल्लांच्या तोंडी पडावेत, हा त्याचा उपयोग. अंधारू लागले की भरकटलेल्या पिल्लांना तोंडात धरून खड्ड्यात आणून सोडतात. दुसऱ्या जोडप्याची पिल्लेसुद्धा थव्यात सामावून घेतात, मात्र आपल्या पिल्लांएवढी किंवा त्यांच्याहून लहान. मोठी असली तर हाकलतात, कारण मोठे पिल्लू लहानाला खाऊ शकते. लहानांना घेण्यात मात्र फायदाच असतो : थवा मोठा असला की शिकाऱ्याच्या तोंडी आपलेच पिल्लू जाण्याची शक्यता घटते. माया आणि हिशेब इथे वेगळे काढता येत नाहीत.

पुढे १९७३ साली नोबेल मिळालेले ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४९ च्या आपल्या पुस्तकात ज्वेल सिक्लिडच्या एका नराची हकिकत सांगितली आहे. संध्याकाळी तो पिल्ले गोळा करत होता. वाटेत गांडुळाचा तुकडा दिसला, तो तोंडात घेतला. चावतो न चावतो तोच एक चुकार पिल्लू समोर आले, तेही घेतले. आता तोंडात दोन वस्तू : एक गिळायची, दुसरी जपायची. नर थबकला. मग त्याने दोन्ही बाहेर टाकल्या, पिल्लावर नजर ठेवून गांडूळ खाल्ले आणि नंतर पिल्लाला उचलून घरी नेले. माशाला विचार करता येतो का, या वादात न पडताही एवढे कबूल करावे लागते, की आपल्या कामात तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार पुढे गेलेला आहे.

म्हणून पिल्ले दिसताच जाळी घेऊन त्यांना ‘वाचवायला’ धावणे बहुधा चुकीचे ठरते. नव्या जोडीने कधी कधी पहिली पिल्ले खाऊन टाकल्याचे दिसते, हे खरे. पण पिल्ले लवकर काढून घेतली तर जोडी लवकरच पुन्हा अंडी घालते. चार ते सहा आठवडे राखण करायला ते दोघे समर्थ असतात. हलवायचेच असेल तर बाकीच्या माशांना हलवावे. छोट्या टाकीत त्यांना पळायला जागा नसते आणि रागावलेले आईबाप त्यांचा जीवही घेतात.

माणसाकडे उरते ते पाणी आणि अन्न. मिठाच्या पाण्यात हवा सोडून एक-दीड दिवसात फुटवलेला ताजा आर्टेमिया (कोळंबीसारखा चिमुकला जीव) मिळाला तर उत्तम, नाही तर नेहमीचे खाद्य बोटांनी चुरून पूड करावी. उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो, पण चिमूटभर जास्त झाला तरी पाणी नासते आणि अमोनिया वाढून एका रात्रीत सारी पिल्ले मरू शकतात. रोज थोडे पाणी बदलणे आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवणे, ही कंटाळवाणी कामे खाद्यापेक्षा महत्त्वाची. साध्या फिल्टरच्या तोंडाशी स्पंज बसवला नाही तर पिल्ले त्यात ओढली जातात.

खरा प्रश्न पिल्ले जगल्यावर उभा राहतो.

नदीत शेकड्यांनी जन्मलेल्यांतली मोजकीच मोठी होतात. शिकारी मासे असतात, पूर येतात, अन्न अपुरे पडते. आपल्याकडेही हेच. गोव्याच्या खाड्यांतला काळुंदर म्हणजे केरळचा करिमीन, हा अस्सल भारतीय सिक्लिड. तोही पिल्लांची राखण करतो. पण त्याच्याच कुळातला छोटा नारिंगी क्रोमाइड त्याची अंडी आणि पिल्ले खातो. आईबापांनी जीव तोडून राखायचे आणि पाण्याने त्यातले बहुतेक परत घ्यायचे, असा हा व्यवहार. काचेच्या टाकीत त्याचा पहिला अर्धा भाग जसाच्या तसा चालू राहतो आणि दुसरा नाहीसा होतो. तो कोणीतरी करायला हवा, आणि टाकी ज्याने मांडली त्याच्याशिवाय तिथे दुसरे कोणी नाही.

हे कटू वाटते, पण टाळता येत नाही. कॉन्व्हिक्ट स्वस्त आणि मुबलक असल्याने दुकानदार फुकटसुद्धा घ्यायला नाखूश असतात. दीडशे पिल्लांची दाटी करून त्यांना खुरटत ठेवण्यापेक्षा निम्मी दुसऱ्या माशांच्या तोंडी जाऊ देणे अधिक दयेचे आहे.

सर्वांत वाईट वाट मात्र वरवर सर्वांत दयाळू दिसते : पिशवीत भरून जवळच्या तळ्यात सोडून देणे. मोझांबिकचा तिलापिया हाही सिक्लिडच. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते. १९५२ साली तो भारतात आणला गेला, तो अन्न म्हणून. आज उजनीच्या परिसरात ‘चिलापी’ म्हणून विकला जातो तो तिलापियाच. देशातल्या अनेक तलावांत तिलापियाने स्थानिक माशांची जागा आणि अन्न बळकावले आहे. अपत्यांची इतकी चोख काळजी घेणारा मासा परक्या पाण्यात गेला की त्याचा हाच गुण तिथल्या माशांच्या मुळावर येतो. कॉन्व्हिक्टही मायदेशाबाहेर, ऑस्ट्रेलियात आणि हवाईत, असाच वस्ती करून बसला आहे.

पट्टेरी जोडी घरात असेल, तर पहिली पिल्ले जरूर वाढवा. मुलांना शेजारी बसवून दाखवा. पण दुसरी अंडी दिसण्याआधी पिल्ले कोणाकडे जाणार हे विचारून ठेवा. घर मिळत नसेल तर नर-मादी वेगळे करा, किंवा अंडी फुटण्याआधीच कुंडीचा तो तुकडा बाहेर काढा. तळ्याकडे नेऊ नका.