जिंकलेले कंचे कुणाचे?

गांधी गेटच्या आत, महालातल्या गल्ल्या आता सिमेंटच्या झाल्या. टाचेनं गल कोरायची तर माती शोधावी लागते. तरी सुट्या लागल्या की घरचे पोट्टे मागे लागतात, "आबा, कंचे शिकवा नं." पुण्याकडच्या गोट्या, ते आमचे कंचे. बोट ताणून नेम धरणं दोन-चार दिवसांत जमतं. अवघड प्रश्न त्यापुढचा : जिंकलेले कंचे ठेवायचे की वापस करायचे?

सून म्हणते, "बाबा, हा तर जुगारच झाला." पण १८८७ च्या जुगारबंदी कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. अन् सारे कंचे वापसच मिळणार असतील, तर जीव लावून नेम कोण धरील? हरणं खरं असलं, तरच ते पचवायला शिकता येतं.

आमच्या वेळी आणखी एक रीत होती. समोरच्याचा खिसा रिकामा झाला की जिंकणारा त्याला एक कंचा उधार देई. "घे बे, खेळ." सारे कंचे एकाच्याच खिशात गेले, तर खेळायला उरतं कोण? कधी त्याच उधारीच्या कंच्यानं तो सारं परत जिंकून नेई. तेही मुकाट्यानं सोसावं लागे. नातवंडांना मी ही रीत नेमाच्या आधी शिकवतो.