उपकार आणि पगार

भाची : मामा, ही स्लिप बघा. पीएफ, ईएसआय समजतं. पण त्याखाली ही ‘इतर कपात १,८५०’ कसली? सलग तिसरा महिना आहे. हिशेबनीस म्हणतो, “वरून आलंय.” आणि दिवाळी होऊन गेली तरी बोनसचा पत्ता नाही.

मामा : मग लेखी विचार.

भाची : तिथेच अडतंय. आईच्या ऑपरेशनच्या वेळी शेठनी एका शब्दावर चाळीस हजार काढून दिले. पैसे मी फेडले, पण ते उपकार कसे फिटणार? त्यांच्याच विरुद्ध अर्ज करू?

मामा : उपकार जन्मभर मान. त्यांच्या घरी कार्य असेल तर राब, आजारपणात धावून जा. पण उपकाराची वसुली न सांगता पगारातून व्हायला लागली, तर ते उपकार उरत नाहीत.

भाची : शेठना हे ठाऊकही नसेल.

मामा : तर मग विचारायलाच हवं! गप्प राहिलीस तर मनातल्या मनात त्यांना लबाड ठरवशील आणि त्यांना बाजू मांडायची संधीही देणार नाहीस. हा त्यांच्यावर जास्त मोठा अन्याय.

भाची : कपातीचं पटतं. पण बोनस म्हणजे मालकाची खुशीच ना?

मामा : गिरणगावाला हेच ऐकवलं होतं. पहिल्या महायुद्धातल्या तेजीनंतर मुंबईच्या गिरण्यांनी काही वर्षं बोनस दिला, १९२३चा नाकारला. १९२४च्या जानेवारीत कामगार संपावर गेले. त्या वादासाठी नेमलेल्या मॅक्लिऑड समितीने सांगितलं, रूढीने, कायद्याने किंवा न्यायाने, तुमचा हक्क कुठूनच पोचत नाही. बोनसचा कायदा व्हायला १९६५ उजाडलं. आता २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या जागी वेतन संहिता लागू आहे. पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस, हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत. हे कामगारांनी भांडून मिळवलंय, त्याला खुशी म्हणू नकोस.

भाची : आणि मला काढलं तर? शिवाय माझ्या हाताखालच्या हेल्पर बायकांचीही कपात होते. एकटीने माझं मिळवलं तर त्यांच्या तोंडाकडे बघवणार नाही. त्यांना सोबत घेतलं, तर आधी त्यांनाच घरी बसवतील.

मामा : ही भीती खरी आहे. मी निवृत्त होऊन बसलोय, किंमत तू मोजणार. म्हणून तुला ढकलणार नाही. पण त्या बायकांच्या वतीने परस्पर ठरवू नकोस, त्यांना विचार. त्यांना वाचवायचं म्हणून त्यांना न विचारता गप्प राहणं, हीसुद्धा मालकीच झाली.

भाची : शेठ म्हणाले, दंड लावलाय, तर?

मामा : आधी तुझं म्हणणं ऐकायला हवं होतं. आणि दंड त्या महिन्याच्या वेतनाच्या तीन टक्क्यांपुढे नेता येत नाही. तुझ्या एकोणीस हजारांच्या पगारावर ५७० रुपये. १,८५० कुठून आले? दावा करायची वेळ आलीच, तर मुदत तीन वर्षांची आहे आणि पैसे दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. पण ते पुढचं. आधी तीन ओळींचा अर्ज : कोणत्या महिन्यात किती कापले, कारण काय, बोनस कधी मिळेल.

भाची : हिशेबनीसाकडे नको. शेठच्याच हातात देते, सोमवारी.

मामा : दोन प्रती ने. एकीवर तारीख घालून सही-शिक्क्याची पोच घे. ज्या बायका येतील, त्यांनी आपापला अर्ज द्यावा.