पटणे आणि पटवणे

उद्योग-व्यवसायाच्या जगात आज एका कलेला फार भाव आला आहे. आपली कल्पना समोरच्याच्या गळी कशी उतरवावी, ही ती कला. डेल कार्नेगी यांचे माणसे जोडण्याविषयीचे पुस्तक १९३६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून अशा ग्रंथांचा ओघ आटलेला नाही. या कलेला नाक मुरडण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. चांगली कल्पना मुकी राहिली तर ती कुणाच्याच उपयोगी पडत नाही. प्रश्न एवढाच, की दुसऱ्याचे मन वळवण्याचा आपला अधिकार कुठवर पोहोचतो?

प्रश्न जुना आहे. प्लेटोच्या ‘गॉर्जियस’ या संवादात सॉक्रेटिस वक्तृत्वाची तुलना पाककौशल्याशी करतो. वैद्य देहाला हितकर ते देतो, आचारी जिभेला रुचेल ते. मुलांना पंच नेमले तर निकाल आचाऱ्याच्या बाजूने लागणार, हे उघड आहे. प्लेटोचाच शिष्य ॲरिस्टॉटल मात्र या कलेवर स्वतंत्र ग्रंथ लिहितो. सत्य हे स्वभावतःच बलवान असते. तरीही ते हरले, तर दोष ते मांडणाऱ्यांच्या उणिवेकडे जातो, असे त्याचे मत. गुरूला कलेचे भय वाटते, शिष्याला ती नसण्याचे. दोन्ही भये खरी आहेत.

शिष्याच्या भयाची साक्ष २७ जानेवारी १९८६ च्या रात्रीने दिली. अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान दुसऱ्या दिवशी झेपावणार होते. त्याचे अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीतील रॉजर बॉइसजॉली आणि इतर अभियंत्यांना भीती होती, की कडाक्याच्या थंडीत सांध्यांतील रबरी कड्या ताठरतील. दूरध्वनीवरील बैठकीत कंपनीने उड्डाण लांबवण्याचा सल्ला दिला. ‘नासा’च्या अधिकाऱ्यांनी त्याला हरकत घेतली. मग कंपनीचे वरिष्ठ आपसांत बोलले. अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घाला, असे एकाने दुसऱ्याला सुचवले आणि सल्ला फिरला. सकाळी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान भंगले; सात जीव गेले. अभियंत्यांची मांडणीच सदोष होती, असे पुढे काही अभ्यासकांनी म्हटले. असेलही. पण धोका नाही हे सिद्ध करण्याऐवजी धोका आहे हे सिद्ध करण्याचा भार त्या रात्री शंका घेणाऱ्यांवर टाकला गेला. ज्याच्या हाती निर्णय असतो, त्याने स्वतःला पटवून घेण्याची तयारी ठेवणे हेही कर्तव्यच नव्हे काय?

गुरूच्या भयाची साक्ष द्यायला आम्हांला दूर जावे लागत नाही. काही वर्षांपूर्वी एका पतपेढीच्या मंडळावर आम्ही होतो. मोठी जागा घ्यावी, ही कल्पना आमची. एका वयस्क दुकानदार सभासदांनी हप्त्यांविषयी शंका काढली. आम्ही एक चुरचुरीत कोटी केली. सभा हसली, ते खाली बसले, ठराव एकमताने संमत झाला. दोन वर्षांत हप्त्यांचा बोजा असा वाढला, की लहान कर्जदारांना रिकाम्या हाती परत पाठवावे लागले. आम्ही सभा जिंकली होती. पटवले कुणालाच नव्हते.

आपली भाषा या बाबतीत चोख आहे. गळी उतरवण्यात समोरच्याचा केवळ गळा लागतो; पटण्यासाठी त्याची बुद्धी लागते. खेडा जिल्ह्यात १९४६ साली दूध उत्पादकांचा सहकारी संघ उभा राहिला, तेव्हा त्रिभुवनदास पटेल गावोगाव हिंडले, हे खरे. पण तो संघ भाषणांवर टिकला नाही. दुधाचे माप शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत होऊ लागले, त्यातील स्निग्धांश तपासून दाम ठरू लागला आणि पैसे वेळेवर हाती पडू लागले. शब्दांनी जे सांगितले, ते मापाने पटवले. ज्याला हिशेब तपासता येतो, त्याला नकारही देता येतो. म्हणूनच त्याच्या होकाराला मोल असते.

तेव्हा आपली कल्पना घेऊन कुणापुढे जाताना आम्ही आता स्वतःला एक गोष्ट विचारतो. आम्हांला जे ठाऊक आहे ते सारे याला ठाऊक झाले, तरी हा होकार देईल काय? उत्तर देताना मन कचरले, तर दोष त्याच्या समजुतीत नसतो. आमच्या कल्पनेत किंवा हेतूत असतो.

त्या दुकानदारांनी पुढे कधीही आम्हांला त्या सभेची आठवण करून दिली नाही. ते आजही भेटले की हसून नमस्कार करतात. आम्हांला मात्र त्यांची ती शंका पुरती ऐकून घ्यायला हवी होती.