लूट, पश्चात्ताप आणि परतफेड

पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीसाठी आमच्या धर्मग्रामात दर रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग भरत असे. वर्ग घेणारे मास्तर वयोवृद्ध होते. पापनिवेदनाचा धडा आला की ते एक गोष्ट हमखास सांगत. एका माणसाने शेजाऱ्याची कोंबडी चोरली. पुढे त्याला पश्चात्ताप झाला. त्याने धर्मगुरूंपुढे गुडघे टेकून आपले पाप सांगितले. धर्मगुरूंनी विचारले, "कोंबडी कुठे आहे?" तो म्हणाला, "घरीच आहे, फादर. फार चांगली सांभाळली आहे. शेजाऱ्याकडे होती त्यापेक्षा आता कितीतरी धष्टपुष्ट झाली आहे." आम्ही मुले खो खो हसत असू. मास्तर मात्र हसत नसत. "ह्या माणसाला पापक्षमा मिळेल का?" असा प्रश्न ते आमच्यापुढे टाकीत आणि उत्तरासाठी पुढच्या रविवारपर्यंत थांबवून ठेवीत.

वसाहतकाळात आफ्रिकेतून लुटून नेलेल्या कलावस्तू व पूजावस्तू परत कराव्यात की नाही, ह्यावर गेली काही वर्षे युरोपात मोठा वाद चालू आहे. तो वाद वाचताना मला मास्तरांची कोंबडी वारंवार आठवते.

काही देशांनी ह्या बाबतीत पावले उचलली आहेत. १८९७ साली ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातील बेनिन नगरीवर चढाई केली आणि तेथील राजवाड्यातील पितळी शिल्पे व हस्तिदंती वस्तू लुटून नेल्या. त्यांतील काही वस्तू जर्मनीने २०२२ साली परत केल्या, तर नेदरलँड्सने २०२५ साली ११९ वस्तू परत केल्या. दाहोमीच्या राजवाड्यातून नेलेल्या २६ वस्तू फ्रान्सने २०२१ साली बेनिन प्रजासत्ताकाच्या स्वाधीन केल्या. परंतु ज्या प्रकरणाचा ख्रिस्ती माणसाने, त्यातही मुंबई इलाख्याच्या जुन्या भूमीत राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाने, विशेष विचार करावा ते प्रकरण इथिओपियाचे आहे.

इथिओपिया म्हणजे आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांतील हबसाण. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकात रथात बसून यशया वाचणारा आणि फिलिप्पाकडून बाप्तिस्मा घेणारा अधिकारी आपल्याला माहीत आहे; त्याच्या नावाशी हा देश जोडला जातो. चौथ्या शतकात एझाना राजाच्या काळी तेथे ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला. त्या देशाचे पहिले महागुरू फ्रुमेंतियुस ह्यांना अलेक्झांड्रियाच्या संत अथानासियुस ह्यांनी दीक्षा दिली होती. युरोपातील कित्येक देशांनी ख्रिस्ताचे नाव ऐकण्यापूर्वीच त्या डोंगराळ मुलुखात मिस्साबलिदान अर्पण केले जात होते.

त्या चर्चच्या उपासनेच्या केंद्रस्थानी ताबोत असतो. आपल्याकडील मोहरमच्या ताबूत ह्या शब्दाचाच हा भाऊबंद. ताबोत म्हणजे लाकडाची किंवा दगडाची अभिषिक्त पाटी. ती कराराच्या कोशाचे प्रतीक मानली जाते. वस्त्रात गुंडाळलेली ही पाटी अगदी आतल्या गाभाऱ्यात राहते आणि तिचे दर्शन धर्मगुरूंखेरीज कोणालाही होत नाही. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, जानेवारी महिन्यात, धर्मगुरू ती झाकलेल्या स्थितीत मस्तकावर घेऊन मिरवणुकीने बाहेर पडतात आणि हजारो लोक तिच्यापुढे नतमस्तक होतात. ताबोताशिवाय चर्चची इमारत ही केवळ इमारत उरते.

असे अकरा ताबोत आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते तेथे कसे गेले?

१८६२ साली इथिओपियाचा सम्राट दुसरा तेवोद्रोस ह्याने राणी व्हिक्टोरियाला पत्र पाठविले. त्याचे उत्तर आले नाही. संतापलेल्या सम्राटाने ब्रिटिश वकील आणि काही युरोपीय मिशनऱ्यांना कैद केले. त्यांच्या सुटकेसाठी मोहीम निघाली ती लंडनहून नव्हे, मुंबईहून. मुंबई लष्कराचा सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर तिचा प्रमुख होता. सुमारे तेरा हजारांच्या ह्या फौजेत मुंबई इलाख्याच्या देशी पलटणी होत्या, बॉम्बे सॅपर्सचे जवान होते आणि तोफा वाहण्यासाठी हिंदुस्थानातून नेलेले ४४ हत्तीही होते. हिंदी शिपायांचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीवरच टाकण्यात आला.

१० एप्रिल १८६८ रोजी, उत्तम शुक्रवारी, अरोगेच्या पठारावर लढाई झाली. सुमारे सातशे इथिओपियन सैनिक पडले. त्या वर्षी पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील दोन्ही पंचांगांप्रमाणे ईस्टर एकाच दिवशी, १२ एप्रिलला होता. तेवोद्रोसने कैद्यांना सोडण्यास सुरुवात केली आणि सणाची भेट म्हणून इंग्रजांच्या छावणीकडे गुरेमेंढ्या धाडल्या. मोहिमेचा हेतू साधला होता. तरीही ईस्टर सोमवारी मक्दलाच्या किल्ल्यावर हल्ला झाला. राणीकडूनच भेटीदाखल आलेल्या पिस्तुलाने तेवोद्रोसने स्वतःला संपविले आणि त्यानंतर लूट सुरू झाली.

किल्ल्यावर जगाच्या तारणकर्त्याला वाहिलेले चर्च होते. तेही सुटले नाही. हस्तलिखिते, क्रूस, चषक, मुकुट, वस्त्रे, ताबोत असे सारे पंधरा हत्ती आणि सुमारे दोनशे खेचरांवर लादून दलांता पठारावर नेण्यात आले. तेथे २० व २१ एप्रिलला त्यांचा लिलाव पुकारण्यात आला. सुमारे पाच हजार पौंड जमले आणि ती रक्कम सैनिकांत वाटली गेली. फौजेबरोबर ब्रिटिश म्युझियमचा एक अधिकारीही मुद्दाम पाठविलेला होता. एका सैनिकाकडून त्याने महागुरूंचा सोन्याचा मुकुट आणि सोन्याचा चषक मिळून चार पौंडांना विकत घेतले. सुमारे ३५० हस्तलिखिते इंग्लंडला गेली. सम्राटाचा सात वर्षांचा पोरका मुलगा अलेमायेहू ह्यालाही नेण्यात आले. तो १८७९ साली, अवघ्या अठराव्या वर्षी परदेशात वारला आणि विंडसर येथे त्याला पुरण्यात आले. त्याचे अवशेष मायदेशी पाठविण्याची विनंती राजवाड्याने २०२३ साली नाकारली.

लुटीची टोचणी इंग्लंडमध्येही काहींना लागली होती. १८७१ साली खुद्द पंतप्रधान ग्लॅडस्टन ह्यांनी पार्लमेंटमध्ये ह्या वस्तू आणल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पुढच्याच वर्षी सम्राट चौथा योहान्नेस ह्याच्या विनंतीवरून 'केब्रा नेगास्त' ह्या ग्रंथाची एक प्रत परत करण्यात आली. बाकीचे बहुतेक सारे तेथेच राहिले.

आता ह्या वस्तू ठेवून घेण्याच्या बाजूने जे युक्तिवाद केले जातात ते प्रामाणिकपणे तपासून पाहू.

पहिला युक्तिवाद असा की, मोठ्या संग्रहालयात ह्या वस्तू साऱ्या जगाला पाहायला मिळतात. बेनिनच्या शिल्पांबाबत ह्यात काही तथ्य असेलही. पण ताबोतांचे काय? ते कधीच मांडले जात नाहीत. ते बंद खोलीत असतात आणि त्यांच्या पावित्र्याचा मान राखून संग्रहालयाचे विश्वस्त व अभ्यासकही त्यांच्याकडे पाहत नाहीत. हा आदर खरा आहे, त्याची थट्टा करू नये. परंतु जी वस्तू कोणी पाहायची नाही, अभ्यासायची नाही, ती ठेवून घेण्याचे प्रयोजन काय? तिचा उपयोग जगात एकाच ठिकाणी आहे आणि ते ठिकाण लंडन नव्हे.

दुसरा युक्तिवाद कायद्याचा. १९६३ च्या ब्रिटिश म्युझियम कायद्यान्वये विश्वस्तांना काही अपवाद वगळता संग्रहातील वस्तू देऊन टाकता येत नाहीत. पण नाझींनी ज्यू कुटुंबांकडून हिरावलेल्या वस्तू परत करता याव्यात म्हणून त्याच पार्लमेंटने २००९ साली वेगळा कायदा केला. कायदा माणसाने केला आहे आणि सदसद्‌विवेकबुद्धी जागी झाली की तो बदलतो, हे ह्यावरून दिसते.

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे. तेवोद्रोसने तरी ही संपत्ती कोठून आणली होती? तिच्यातील पुष्कळशी त्याने गोंदर शहरातील चर्चमधून हिसकावून मक्दलाला आणली होती. म्हणजे हा चोरावर मोर झाला. परंतु ह्यावरून इतकेच सिद्ध होते की, सम्राटाचा हक्कही शुद्ध नव्हता. मोराचा हक्क त्याने सिद्ध होत नाही. खरे मालक ते चर्च, ती श्रद्धावंत मंडळी. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी परतफेडीचा विचार करताना म्हटले आहे की, ज्याचे घेतले त्याला द्यावे आणि तो हयात नसेल तर त्याच्या वारसाला द्यावे. इथिओपियाचे चर्च आजही हयात आहे. वारस शोधत फिरण्याची गरज नाही.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. तेथे ह्या वस्तू सुरक्षित राहतील का? २०२० ते २०२२ ह्या काळात टिग्रे प्रांतात भीषण युद्ध झाले आणि त्यात चर्चही लुटली गेली. ही भीती उगाच आहे असे मला म्हणता येणार नाही. पण ह्यालाही संत थॉमस ह्यांचे उत्तर आहे. परत केल्याने घोर अपाय होणार असेल तर त्या क्षणी देऊ नये. मात्र म्हणून ती वस्तू स्वतःची मानू नये, योग्य वेळी परत करण्यासाठी राखून ठेवावी किंवा अधिक सुरक्षित हाती सोपवावी, असे ते सांगतात. केव्हा द्यावे आणि कसे द्यावे ह्यावर दोन्ही बाजूंना बोलता येईल. कोणाचे आहे, हा प्रश्न त्या बोलण्यात पुन्हा उकरून काढता येणार नाही. २०१८ साली लंडनच्या दुसऱ्या एका संग्रहालयाने मक्दलाच्या वस्तू दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर इथिओपियाला देऊ केल्या, तेव्हा तेथील लोकांना ते रुचले नाही. आपलीच वस्तू उसनी घ्यायची, म्हणजे ती दुसऱ्याची आहे हे कबूल करायचे.

परतफेड अशक्य आहे असेही नाही. एडिंबरा येथील एका चर्चच्या कपाटात एक ताबोत पडून होता. तेथील धर्मगुरूंनी तो ओळखला आणि २००२ साली तो इथिओपियाला परत करण्यात आला. अदिस अबाबाच्या रस्त्यांवर त्याच्या स्वागताला अफाट जनसमुदाय लोटला होता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीनेही आपल्या वेदीत बसविलेला ताबोत परत करण्यास २०२४ साली तत्त्वतः संमती दिली. मुसोलिनीच्या सैन्याने नेलेला अक्सुमचा प्रचंड स्तंभ इटलीने २००५ साली परत केला. आपल्या स्वतःच्या चर्चकडेही बोट दाखविले पाहिजे. व्हॅटिकनच्या संग्रहालयांतही दूरदूरच्या देशांतून आलेल्या वस्तू आहेत. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२३ साली पार्थेनॉनचे तीन शिल्पखंड ग्रीसला परत दिले आणि त्याच वर्षी पत्रकारांशी बोलताना अशा परतफेडीचा संबंध थेट सातव्या आज्ञेशी जोडला.

शुभवर्तमानातील जक्कयाची गोष्ट ह्या दृष्टीने पुन्हा वाचावी. प्रभू घरी आला, जेवला, ह्यावर जक्कय समाधान मानीत नाही. तो उभा राहतो आणि ज्यांचे घेतले त्यांना चौपट परत करण्याचे बोलतो. तारण त्या घरी आल्याचे प्रभूने सांगितले ते त्यानंतर. पश्चात्तापाला हात असतात आणि त्या हातांत काहीतरी धरलेले असेल तर ते सोडावे लागते, एवढे तरी आपण त्यातून घ्यावे.

हे सारे लिहिताना एक गोष्ट मनाला टोचते. लुटीचा विषय निघाला की आपण भारतीय सहजच लुटल्या गेलेल्यांच्या रांगेत उभे राहतो. आपलेही पुष्कळ नेले गेले आहे, हे खरेच. पण मक्दलाच्या डोंगरावर चढलेल्या पायांत आपल्या इलाख्यातील पाय होते आणि त्या चर्चचे धन हिंदुस्थानी हत्तींनी वाहिले. ते शिपाई हुकुमाचे ताबेदार होते. त्यांच्यावर दोष ठेवण्याचा अधिकार मला नाही. तरीही मुंबईच्या इतिहासात ही मोहीम विजय म्हणून नोंदली जाते तेव्हा त्या लिलावाची ओळही शेजारी लिहिली जावी, इतके आपल्या हाती आहे.

आणि आपल्या घरांचे काय? भावाच्या वाटणीतील चार गुंठे, सरकविलेला बांध, मावशीने विश्वासाने ठेवायला दिलेले दागिने ह्यांविषयी आपण काय बोलतो? "आम्ही सांभाळले नसते तर केव्हाच गेले असते," असेच ना? सांभाळल्याचे श्रेय जरूर घ्यावे, वाटल्यास खर्चही मागावा. वस्तू मात्र ज्याची त्याला द्यावी.

पुढच्या रविवारी मास्तर उत्तर सांगत. तो माणूस पुन्हा धर्मगुरूंकडे गेला. ह्या वेळी धर्मगुरूंनी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "फादर, शेजाऱ्याच्या घरून येतो आहे." मग मास्तर पुस्तक मिटीत आणि आम्हांला घरी सोडीत.