हरणाऱ्यांचा हंगाम

बाद पद्धतीचा हिशेब मोठा निष्ठुर. 32 शाळा उतरल्या की 31 शाळांचा हंगाम हरूनच संपणार! त्यात बास्केटबॉल. क्रिकेटसारखी अनिर्णिताची पळवाट नाही. बरोबरी झाली की पाच मिनिटं जादा, पण कुणीतरी हराच! 1891 साली नेस्मिथसाहेबांनी पीचच्या टोपल्या टांगल्या, पराभव ठेवायला मात्र टोपली ठेवली नाही.

आमच्या मुलुंडची दहावीची पोरं हरली आणि रडली. ‘हारजीत चालायचीच,’ असं त्यांना सांगणारे आम्ही बापलोक स्वतः लोकलची खिडकी हुकली तर घाटकोपरपर्यंत धुमसतो! मग हा उपदेश खरा कसा मानायचा? मला वाटतं, ते रडू हरल्याचं नव्हतंच. उद्यापासून संध्याकाळी एकत्र जमायचं नाही, याचं होतं. जिंकली असती तरी हंगाम संपलाच असता. फक्त हातात कप असता, म्हणून डोळे पुसता आले नसते, एवढंच.