बरणी आणि डबी

द्राक्षाच्या मद्यावर दिवाळी अंकात लिहावे, आणि तेही एका शाळामास्तराने, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मी ते कधी चाखलेले नाही आणि चाखण्याची हौसही नाही. परंतु फ्रान्समधल्या एका द्राक्षमळेवाल्या घराण्याची हकिकत वाचनात आल्यापासून एक प्रश्न माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे. तो आपल्या घरातल्या फडताळाचा नि ट्रंकेचाही प्रश्न आहे, म्हणून येथे मांडतो. वस्तू राखून ठेवणे हा गुण खरा. पण तो कोठपर्यंत गुण राहतो?

फ्रान्सच्या पूर्व सरहद्दीवर, व्होज पर्वताच्या पायथ्याशी, आल्सास नावाचा प्रांत आहे. तेथल्या रिबोव्हिले गावी ट्रिंबाख घराण्याची पेढी आहे. नाव ऐकताच आपला त्र्यंबक आठवावा! १६२६ पासून, म्हणजे शिवजन्माच्याही आधीपासून, हे लोक वाइन करीत आले आहेत. धंदा आजही घरचाच आहे. आता तेरावी पिढी कामाला लागली आहे. या काळात प्रांताने काय काय पाहिले! १८७१ साली तो जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आला, १९४० साली जर्मनांनी पुन्हा घेतला आणि दुसरे महायुद्ध संपताना पुन्हा फ्रेंच झाला. १८७० साली तेथे जन्मलेल्या माणसाचे राष्ट्र, त्याने उंबरठा न ओलांडताही, चार वेळा बदलले. वेली मात्र दरसाल छाटाव्याच लागत होत्या.

या घराण्याचा एक लहानसा मळा जवळच्या युनावीर गावात आहे. त्याचे नाव ‘क्लो सँत यून’. ‘क्लो’ म्हणजे बंदिस्त मळा. क्षेत्र चार एकरांहून किंचित जास्त, जमीन चुनखडीची, द्राक्षे रीस्लिंग जातीची. या मळ्याचे नाव बाटलीवर प्रथम आले ते १९१९ च्या पिकाला. वर्षाकाठी बाटल्या भरतात त्या आठ-नऊ हजारांच्या आसपास. भरल्या की लगेच विकायच्या नाहीत, असा घरचा शिरस्ता आहे. पाच-सहा वर्षे त्या तळघरात, गारव्यात नि अंधारात आडव्या पडून असतात. उभ्या ठेवल्या तर बूच सुकते. ही पांढरी वाइन कोवळेपणी फार आंबट आणि करकरीत असते. तो आंबटपणाच तिला पुढे कित्येक वर्षे टिकवून धरतो. काळ जातो तसा लिंबाचा वास मावळतो, मधाचा येतो, आणि त्यात चक्क रॉकेलसारखा एक वास मिसळतो. दर्दी लोक म्हणे त्यावरच लुब्ध असतात!

आता या बाटल्यांचे पुढे काय होते ते पाहा. काही जेवणाच्या टेबलावर जातात आणि कृतार्थ होतात. पण काही संग्राहकांच्या हाती पडतात. एकेक बाटली कित्येक हजार रुपयांची. इंग्लंडात अशा वाइनसाठी खास गोदामे आहेत. माल बाहेर काढीपर्यंत तेथे कर भरावा लागत नाही. तेथे बाटली जागची हलत नाही, मालक तेवढे बदलतात. एकाने घेतली, भाव चढल्यावर दुसऱ्याला विकली, त्याने तिसऱ्याला. पिण्यासाठी केलेली वस्तू, आणि ती प्यायचा विचारही कोणाच्या मनात नाही.

संग्राहकांची बाजू अगदीच लंगडी आहे असे मी म्हणणार नाही. कोणी धीर धरला नसता तर चाळीस वर्षांची वाइन कोणाच्याच ओठी लागली नसती. मोल देणारे आहेत म्हणून एवढ्याशा मळ्यात एवढी मेहनत परवडते, हेही खरे. पण बाटलीतली वाइन मालकासाठी थांबून राहत नाही. ती पिकते, तशीच एक दिवस उतरूही लागते. आणि ती अजून जिवंत आहे की नाही, हे बूच काढल्याखेरीज कळत नाही.

हे वाचले तेव्हा मला आमच्या आत्याची केशराची डबी आठवली. काश्मीरच्या यात्रेहून कोणी तिला ती आणून दिली होती. ‘चांगल्या प्रसंगाला काढू,’ असे म्हणून तिने ती ट्रंकेत ठेवली. प्रसंग आले नाहीत असे नाही. माझी मुंज झाली, बहिणींची लग्ने झाली, पहिले नातवंड झाले. दर वेळी आत्याला वाटे, याहून मोठा प्रसंग पुढे येईल. ती गेल्यावर आम्ही डबी उघडली. केशराचा रंग होता. वास गेला होता. कंजूष मात्र ती मुळीच नव्हती. आजचा दिवस पुरेसा चांगला आहे, असे म्हणण्याचे धैर्य तेवढे तिला झाले नाही.

त्याच घरात, त्याच फडताळात, आईची लिंबाच्या लोणच्याची एक जुनी बरणी असे. लोणचे मुरून काळे पडलेले. रोजच्या ताटात ते वाढले जात नसे. आम्ही मागितले तर चापट मिळे. पण आळीत कोणी तापातून उठले, तोंडाला चव नाही, असे कळले की आई वाटी भरून पाठवी. मग दर उन्हाळ्यात नव्या फोडी दुसऱ्या बरणीत पडत. ट्रिंबाखांचे तळघर मला या बरणीच्या जातीचे वाटते. तेही थांबतात, पण खाणारा-पिणारा मनात धरून थांबतात. गोदामातली बाटली आणि आत्याची डबी यांना असा कोणी धनी नसतो. जपणे आणि साठवणे बाहेरून अगदी सारखे दिसते. कोणासाठी, असे विचारले म्हणजे मात्र एकाला नाव सांगता येते आणि दुसरा घुटमळतो.

सँत यून, जिचे नाव त्या मळ्याला आहे, तिची आख्यायिका मोठी गोड आहे. सरदाराची बायको असूनही ती गावातल्या झऱ्यावर गोरगरिबांचे कपडे धूत असे. आणि एका वर्षी द्राक्षांचे पीक बुडाले तेव्हा त्याच झऱ्याला वाइनची धार लागली, असे लोक सांगतात. घडले असेल नसेल. पण गावाने ही कथा रचताना झऱ्याला कुलूप घातले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. ज्याला तहान होती त्याने ओंजळ पुढे केली.